पिशवी सोमवारी, माणूस शुक्रवारी

दोन रुपयांत काय काय मिळत नाही, हे लोकांना समजावणं हा माझा धंदा होता. कागदावर मी प्रवासाचा विमा विकत होते. पण त्या विम्यात मिळण्यासारखं थोडं आणि न मिळण्यासारखं पुष्कळ. त्यामुळे माझं तोंड जास्त चालायचं ते न मिळणाऱ्या गोष्टींवर.

नवे पैसे यायच्या आधीचा काळ. आम्ही डोंबिवलीत राहायचो. एजन्सी माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. ह्यांना दमा होता. एक जिना चढले की दहा मिनिटं बोलायचे नाहीत, आणि न बोलणारा विमा एजंट कोणाच्या कामाचा? म्हणून फिरायचे मी. डोंबिवली, कल्याण, ठाणे, तिन्ही गावांतल्या चाळी मी पायाखाली घातल्या. शिक्षण माझं चौथी. फॉर्म इंग्रजीत असायचे, ते मला वाचता येत नव्हते. मी वहीत मराठीत लिहून आणायची, हे घरी बसून फॉर्म भरायचे आणि एजंट म्हणून सही करायचे. ठाण्याला कंपनीची कचेरी होती, तिथे कर्णिक साहेब बसायचे. त्यांच्या टेबलावर फॉर्म नेऊन द्यायचे, ते पुन्हा मीच.

आता विमा काय होता ते सांगते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने दोन रुपये भरायचे. निघाल्या दिवसापासून तीस दिवस तो विमा चालायचा. तेवढ्यात प्रवासात अपघात होऊन माणूस गेला, हात, पाय किंवा डोळा गेला, तर घरच्यांना रक्कम. हाड मोडून अंथरुणाला खिळला, तर कामाला पूर्ण असमर्थ असेल तोवर आठवड्याला थोडे पैसे. संपलं. आजारपण नाही. सामान नाही. मारामारी नाही. दारू प्यालेला असेल तर काहीच नाही. आणि अपघात कशाला म्हणायचं, तेही कंपनीने ठरवलेलं: बाहेरून आलेला, जोराचा आणि डोळ्यांना दिसणारा.

ही व्याख्या मी पहिल्यांदा ठाण्याला एका चाळीत एका सुनेला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाहेरून आलेला, जोराचा, डोळ्यांना दिसणारा? अहो, मग ही तर आमची सासूच की!"

आतल्या खोलीतून आवाज आला, "ऐकू येतंय हो मला."

सासू बाहेर आली. मला वाटलं, आता दोन रुपये गेले. पण ती म्हणाली, "हरिद्वारला आम्ही दोघी जाणार आहोत. दोघींचा काढा. हिचा आधी काढा." सून हसत सुटली. चार रुपये मिळाले आणि चहाही मिळाला.

सगळे असे समजूतदार नव्हते. कल्याणला एक निवृत्त हेडमास्तर होते. ते मथुरेहून पोट बिघडवून आले आणि अठरा दिवस अंथरुणावर होते. त्यांनी कंपनीला चार पानी अर्ज लिहिला. त्यात म्हणणं असं, की मथुरेचा पेढा बाहेरून आला, त्याने जोरात परिणाम केला आणि खाण्यापूर्वी तो डोळ्यांना दिसत होता. तेव्हा तिन्ही अटी पूर्ण होतात. अर्जातलं अक्षर इतकं सुंदर होतं, की कर्णिक साहेबांनी तो शेजारच्या टेबलावरही वाचायला दिला. पैसे अर्थातच नाहीत. मास्तर माझ्यावर चिडले. मी म्हटलं, "मास्तर, पेढा अंगावर पडून हाड मोडलं असतं, तर मी स्वतः भांडले असते." त्यानंतर ते रस्त्यात दिसले की छत्री उघडायचे, ऊन नसलं तरी.

ठाण्याच्याच एका बाईंची ट्रंक प्रवासात चोरीला गेली. आत तीन भारी साड्या. सामान विम्यात नाही हे मी तिला दारात, जिन्यात आणि पुन्हा खाली रस्त्यावर सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बोलत होता, पण मला वाटलं तुम्ही उगाच बोलताय." कर्णिक साहेबांनी मला तेव्हा कलम उघडून बोट ठेवून दाखवलं. त्याचं मराठीही करून सांगितलं: सामानाशी कंपनीचा कोणत्याही प्रकारे संबंध नाही.

तेव्हापासून मी उलटं सुरू केलं. दारात गेलं की आधी काय मिळत नाही ते सगळं सांगायची. हे वैतागायचे. "अगं, गिऱ्हाईक पळवायला निघालीस की आणायला?" पण गिऱ्हाईक पळालं नाही. एवढं सगळं नाही म्हणणारी बाई जे हो म्हणते ते खरं असणार, असं लोकांना वाटायचं. ते खरंही होतं. मला या गोष्टीचा ताठा होता, आणि तो उतरला तो आमच्याच आळीत, एका शिंप्याच्या घरी.

रामभाऊ शिंपी आमच्या आळीच्या कोपऱ्यावर बसायचे. पुढे दुकान, मागे एक खोली, एक पायमशीन. त्या मशीनला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, बायकोनेसुद्धा नाही. धूळ पुसायची तीही ते स्वतः पुसायचे. बायको अनसूयाबाई, देवभोळी आणि बोलण्यात एकदम खरी. मुलं दोन, शाळेत जाणारी. रामभाऊंची आई वारली होती, आणि तिचं गयेला करायचं म्हणून नवरा-बायको काशी-प्रयाग-गया करून येणार होते. मुलं मामाकडे ठेवणार होते. येताना इंदूरला रामभाऊंच्या बहिणीकडे काही दिवस राहायचं, असा बेत.

मी गेले तेव्हा अनसूयाबाई बांधाबांध करत होत्या. मी माझी न मिळणाऱ्या गोष्टींची यादी म्हणून दाखवली. दोघांनी ऐकली. मग मी वही उघडून विचारलं, "निघणार कधी?"

"सोमवारी," अनसूयाबाई म्हणाल्या.

मी सोमवार लिहिला. ह्यांनी सोमवारची तारीख फॉर्मवर घातली, तिच्याखाली रामभाऊंनी सही केली. झालं.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुहूर्ताचा दिवस एक आणि गाडीचा दिवस दुसरा असा घोळ झाला, की आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. म्हणजे चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला प्रवाशाची एक पिशवी जाण्याच्या दिशेला असलेल्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. आत तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचं एखादं वस्त्र. पिशवी गेली की माणूस निघाला असं धरतात. मग तो घरी जेवला, झोपला, कामाला गेला तरी चालतं. चार-पाच दिवसांत गाडीच्या वेळेला ती पिशवी उचलायची आणि पुढे जायचं.

रामभाऊंचं प्रस्थान सोमवारी होतं. गाडी होती शुक्रवारची. मी माझ्या सासऱ्यांची प्रस्थानं स्वतः शेजारी नेऊन ठेवलेली बाई. मला कळायला नको होतं? पण मी विचारलं "निघणार कधी", आणि त्यांनी त्यांच्या मते अगदी खरं उत्तर दिलं.

यात्रा नीट झाली. गया झालं, इंदूर झालं. परत येताना नाशिक सोडल्यावर गाडीने झटका खाल्ला आणि वरच्या फळीवरची कोणाची तरी लोखंडी ट्रंक रामभाऊंच्या डाव्या पायावर पडली. नडगी मोडली. कल्याणला त्यांना चौघांनी उचलून उतरवलं. प्लॅस्टर मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय टेकायचा नाही.

पायमशीनच्या शिंप्याला पाय टेकायचा नाही म्हणजे काय, हे सांगायला नको. यात्रेला शिल्लक खर्च झालेली. दोन मुलं. मी त्यांना भेटायला गेले ती जवळजवळ खुशीतच गेले, हे आता कबूल करते. म्हटलं, इतके दिवस मी सगळ्यांना नाही नाही सांगत आले, आता एकदा तरी हो म्हणता येईल. ट्रंक बाहेरून आली, जोरात आली, सगळ्या डब्याला दिसली. "रामभाऊ, काळजी करू नका," मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या अटींत बसता."

फॉर्म घेऊन ठाण्याला गेले. कर्णिक साहेबांनी कागद पाहिले, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "सावंतबाई, पॉलिसी मंगळवारी संपली. ट्रंक गुरुवारी पडली."

"असं कसं? शुक्रवारी निघाले, तीस दिवस धरले तर शनिवारपर्यंत येतात."

"फॉर्मवर सोमवार आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, साहेब. मी विचारलं चुकीचं."

"चूक तुमची असेल," ते म्हणाले, "पण तारखेखाली सही विमेदाराची आहे. त्यांच्याकडून लेखी आणा, की सोमवारी ते निघाले नव्हते. दोघांच्या सह्या घ्या. मग बघतो मुंबईची मोठी कचेरी काय म्हणते ते."

मला वाटलं, एवढंच ना? दोन ओळी लिहायच्या आणि सही. मी रामभाऊंच्या घरी जाऊन ह्यांनी लिहिलेला कागद पुढे केला. त्यावर होतं: सोमवारी आम्ही निघालो नव्हतो, आमचा प्रवास शुक्रवारी सुरू झाला. रामभाऊंनी लगेच सही केली. अनसूयाबाईंनी कागद दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

"मी सही करणार नाही."

"का हो?"

"शुक्रवारी अमावास्या होती. प्रवास शुक्रवारी सुरू झाला असं मी लिहून दिलं, तर सासूबाईंचं गयेचं सगळं अमावास्येला निघून केलं असं होईल. आम्ही सोमवारी निघालो. गुरुजींनी वेळ काढून दिली होती."

"अनसूयाबाई, हा कंपनीचा कागद आहे. देवाचा नाही."

"खोटं ते खोटं. कागद कोणाचा का असेना."

खाटेवरून रामभाऊ ओरडले, "अगं, पाय माझा मोडलाय, आईचा नाही! आई पोचली वर. तिला कोण विचारतंय तू कधी निघालीस म्हणून?"

"आपण गप्प बसा. सहा वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः पिशवी नेऊन ठेवली शेजारी पाटलांकडे. आता मी म्हणू, की नाही ठेवली?"

मला राग आला होता. घरात महिन्याचं धान्य नाही, नवरा खाटेवर, आणि ही बाई पंचांग धरून बसली आहे. तसं मी तिला तोंडावर म्हटलंही. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "तुम्हीच नेहमी सांगता ना, फॉर्मवर खोटं लिहिलं की सगळं रद्द होतं?"

मी खरोखरच सांगत असे.

मी तो कागद उचलून वहीत ठेवला. मग विचारलं, "सोमवारी पाटलांकडे काय ठेवलंत?"

"पिशवी. तांदूळ, सुपारी आणि ह्यांचं धोतर."

"आणि ती ठेवून तुम्ही कुठे गेलात?"

"कुठे जाणार? घरी आले. भाकऱ्या टाकल्या."

"रामभाऊ कुठे होते?"

"मशीनवर. बुधवारपर्यंत कामं उरकत होते. गुरुवारी तुमचंच पोलकं नाही का दिलं?"

दिलं होतं. काखेत घट्ट.

"म्हणजे पिशवी सोमवारी निघाली आणि तुम्ही दोघं शुक्रवारी गाडीत बसलात. यात खोटं काय आहे?"

अनसूयाबाईंनी विचार केला. चांगला भाजी चिरून होईल एवढा वेळ केला. मग म्हणाल्या, "यात काही खोटं नाही. पण प्रवास कधी सुरू झाला ते लिहायचं नाही."

"नाही लिहीत."

मी माझ्या हाताने, माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: सोमवारी आमची पिशवी शेजारी गेली. आम्ही घरी होतो. शुक्रवारी आम्ही पिशवी उचलली आणि गाडीत बसलो. दोघांनी सह्या केल्या.

कर्णिक साहेबांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ही काय भानगड? मी सांगितलं होतं, निघाले नव्हते असं लिहून आणा. हे मुंबईला पाठवलं तर ते म्हणतील, प्रवास सोमवारीच सुरू झाला, यांनीच लिहिलंय."

"कोणी सुरू केला सोमवारी?"

"पिशवीनं म्हणा."

"साहेब, पिशवी म्हणजे सामान ना?"

"हो."

"सामानाशी कंपनीचा संबंध काय?"

साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला.

मी म्हटलं, "त्या बाईंची ट्रंक गेली तेव्हा तुम्हीच कलमावर बोट ठेवलंत. सामानाशी कंपनीचा कोणत्याही प्रकारे संबंध नाही. मग ते सोमवारी निघालं काय आणि रविवारी निघालं काय, त्याचे दिवस कंपनीने का मोजायचे? सामान चोरीला गेलं की ते कंपनीला दिसत नाही आणि शेजारी ठेवायला नेलं की लगेच दिसतं, असं कसं?"

"पण माणूस सोमवारी निघाला नव्हता, याला पुरावा?"

"गुरुवारी त्यांनी मला हे पोलकं दिलं. अंगातच आहे, बघा. काखेत घट्ट आहे ते वेगळं."

पलीकडच्या टेबलावरचा कारकून टेबलाखाली वाकला तो वर येईना. कर्णिक साहेबांनी पेन उघडलं. "आमच्याकडेही प्रस्थान ठेवतात," ते म्हणाले. "पण मुंबईचे मॅनेजर आपल्याकडचे नाहीत. त्यांना हे इंग्रजीत कसं सांगू?" बराच वेळ ते लिहीत आणि खोडत बसले. त्या पत्राची एक प्रत एजंट म्हणून आमच्या घरी आली, ती ह्यांनी मला मराठीत वाचून दाखवली. "विमेदाराची कापडी पिशवी सोमवारी एकटीच निघाली व चार दिवस शेजाऱ्यांकडे राहिली. विमेदार तिला शुक्रवारी जाऊन मिळाला." हे दम्याचे माणूस, वाचताना हसून हसून इतके खोकले, की मी पाणी घेऊन उभी राहिले.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. रामभाऊंच्या घरात मागचे सगळे आठवडे धरून पैसे पोचले. मी आळीतून परत ताठ मानेने चालू लागले.

पण मंजुरीबरोबर एक ओळ होती, की कंपनीचे डॉक्टर येऊन विमेदाराला पाहून जातील. ते एका दुपारी आले. मी त्यांना घर दाखवायला बरोबर गेले.

दारात पाऊल टाकलं आणि मी थबकले. मशीन चालू होतं. अनसूयाबाई मशीनवर बसल्या होत्या, पदर खोचलेला, मान खाली. खाटेवर पाय पसरून रामभाऊ एका सदऱ्याला काज करत होते आणि तोंडाने चालू होतं, "सरळ घे. सरळ. अगं, नदी काढायला सांगितली नाही मी."

डॉक्टरांनी प्लॅस्टर पाहिलं, चार प्रश्न विचारले. मग सदऱ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही काम करता?"

मी डॉक्टरांच्या पाठीमागून मान हलवली. नाही म्हणा. डोळे मोठे केले. अनसूयाबाईंनी ते पाहिलं आणि मशीन थांबवलं.

रामभाऊ म्हणाले, "हिनं मारलेली शिलाई उसवतो आणि काज-बटण करतो. याला काम म्हणत असाल तर करतो."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण ते काय असणार हे कळलं. आमच्या पॉलिसीत "पूर्ण असमर्थ" होतं. हातांनी काज करणारा माणूस अर्धाच असमर्थ, आणि अर्ध्याला दोन रुपयांत काही नव्हतं. कंपनीच्या जास्त पैशांच्या मोठ्या पॉलिसीत ते होतं. ती मी त्यांना सांगितलीच नव्हती, कारण मला वाटलं होतं ती त्यांच्या ऐपतीबाहेरची. न मिळणाऱ्या गोष्टींच्या माझ्या यादीत हे एक राहून गेलं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टर गेल्यावर मी तोंड सोडलं. "रामभाऊ, अजून दोन महिने आठवड्याला पैसे आले असते! एक दिवस तो सदरा उशीखाली ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

रामभाऊंनी सुईत दोरा ओवला. "सावंतबाई, मी शिंपी आहे. हात चालत असताना माझ्याकडून काम होत नाही, असं सांगू?"

"तुमच्या बायकोने तुम्हाला बिघडवलं आहे," मी म्हटलं.

"लग्नापासून," ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं.

पुढचे दोन महिने त्या दोघांनी असेच काढले. तो खाटेवरून कापायचा आणि बोलायचा, ती शिवायची आणि बोलायची. आळीतल्या बायकांनी पोलकी तिच्याकडेच टाकायला सुरुवात केली, कारण माप द्यायला बाई बरी वाटायची. प्लॅस्टर निघालं. रामभाऊंचा पाय थोडा आखूड राहिला, पण चालू लागले. एक दिवस सकाळी आंघोळ करून, मशीनला हळदकुंकू लावून ते बसायला गेले, तर तिथे अनसूयाबाई आधीच बसलेल्या.

"ऊठ," ते म्हणाले. "पाय बरा झाला माझा."

"झाला ना? मग दुसरं मशीन बघून या. पाच पोलकी परवा द्यायची आहेत मला."

हे मला रामभाऊंनी स्वतः सांगितलं, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, हातात कात्री घेऊन. आतून मशीनचा आवाज येत होता. ते लंगडत दुसरं मशीन भाड्याने बघायला निघाले होते. चार पावलं गेले आणि मागे वळून मला म्हणाले, "तुमचं पोलकं आणून द्या. काखेत ती सैल करून देईल."